पोळ्याचा बैल, गलिव्हरचा घोडा आणि माणूस

यवतमाळ जिल्ह्यातलं मुकुटबनचं जंगल पांढरकवडा वनविभागात येतं. २०१८ साली याच वनविभागात टी-१ वाघिणीचा शोध चालू होता. लोक तिला अवनी म्हणत. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात शेतावर जायची लोकांना धास्ती बसली होती. कॅमेरे लावून झाले, हत्ती आणून झाले, माग काढणारे कुत्रे आणि पॅराग्लायडरही आले. वाघीण सापडेना. तेव्हा वनखात्याने एक वेगळंच आमिष वापरायचं ठरवलं. ते होतं पुरुषांसाठी बनवलेलं एक महागडं विलायती अत्तर, 'ऑब्सेशन फॉर मेन'.

वाघाला अत्तराचं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्यामागे पक्की माहिती होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ मध्ये चित्त्यांपुढे चोवीस सुगंध ठेवून पाहिले होते. कोणत्या वासापाशी ते किती वेळ रेंगाळतात, याची नोंद केली. काही अत्तरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. 'ऑब्सेशन' शिंपडलेल्या जागी मात्र ते सरासरी दहा मिनिटांहून जास्त वेळ हुंगत, गाल घासत राहिले. कारण त्या अत्तरात जवादी मांजराच्या गंधाशी जुळणारं द्रव्य असतं. आपल्या रानातही आढळणारं हे जनावर शेपटीखालच्या ग्रंथीतून एक उग्र स्राव सोडतं. इथून माझी हद्द सुरू होते, असं त्या वासाने ते इतरांना कळवतं. अत्तरवाले शतकानुशतकं तो स्राव वापरत आले. आता प्रयोगशाळेत त्याचा रेणू तयार करतात.

जरा थांबून विचार केला की आश्चर्य वाटतं. रसायनशास्त्र शिकून, रेणूची रचना उलगडून, तो काचेच्या भांड्यात पुन्हा जुळवायचा, हे काम फक्त माणसाला जमतं. आणि हे सारं करून माणूस अंगाला लावतो तो वास असतो रानातल्या जनावराचा. बुद्धी आणि जनावर एकाच बाटलीत. मग माणूस नक्की कोण? हा प्रश्न तत्त्वज्ञांनी विचारला, धर्माने विचारला, विज्ञानाने विचारला. पण मला वाटतं, या प्रश्नाशी सगळ्यात निर्भीडपणे भिडले ते व्यंगकार. त्यांतले काही डब्लिनमध्ये होते, काही पैठणला, आणि काही आमच्या वणी-मुकुटबनच्या काळ्या मातीत, पोळ्याच्या तोरणाखाली.

जनावरांनी लावलेला दावा

ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात मांडलं की, वाढणं वनस्पतींकडेही आहे, जाणवणं पशूंकडेही आहे. विवेकाने वागणं तेवढं माणसाचं स्वतःचं. पुढे युरोपातल्या पाठशाळांनी त्याची सुटसुटीत व्याख्या केली: माणूस म्हणजे बुद्धिवान प्राणी. पिढ्यानपिढ्या मुलं ती घोकत राहिली. आपल्याकडे हितोपदेशातलं एक सुभाषित याच वाटेने जातं. भूक, झोप, भीती आणि कामवासना ही माणसात आणि पशूत सारखीच. धर्म तेवढा माणसाकडे अधिक, तो नसेल तर माणूस पशूच. किती मराठी घरांत आजोबांनी नातवाला या सुभाषिताच्या आधाराने दटावलं असेल!

दोन्ही मतांत एक फरक आहे, आणि तो मोलाचा आहे. पाठशाळेची व्याख्या माणसाला जन्मतःच पदवी देते. हितोपदेश पदवी देतो ती अटीवर.

ती अट माणूस पाळतो का, हे तपासायला जनावरांनाच साक्षीला बोलावण्याची कल्पना फार जुनी आहे. पंचतंत्रातल्या सिंह-बैल-कोल्ह्यांच्या गोष्टी सहाव्या शतकात इराणात गेल्या, आठव्या शतकात अरबीत पोचल्या आणि 'कलीला व दिम्ना' या नावाने जगभर पसरल्या. दहाव्या शतकात बसरा शहरात 'इख्वान अस्-सफा' नावाचं विद्वानांचं एक मंडळ होतं. त्यांनी आपल्या ज्ञानकोशात एक विलक्षण कथा घातली. एका बेटावर माणसं येतात आणि तिथल्या जनावरांना कामाला जुंपू लागतात. जनावरं जिनांच्या राजाकडे दावा लावतात. खटला उभा राहतो. माणूस म्हणतो, आमचा बांधा सरळ, आमची बुद्धी मोठी, म्हणून आम्ही धनी. यावर खेचर, मधमाशी, पोपट असे एकेक साक्षीदार उभे राहून माणसाचा एकेक मुद्दा खोडून काढतात. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी जनावराच्या बाजूने वकीलपत्र घेतलं होतं, याचंच मला अप्रूप वाटतं.

शहाणे घोडे

या खटल्याची सगळ्यात तिखट सुनावणी १७२६ साली झाली. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट यांचं 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लंडनमध्ये छापून आलं. आपल्याकडे मुलांना त्यातल्या बुटक्यांची आणि राक्षसांची गोष्ट सांगतात. चौथा भाग बहुधा गाळतात, कारण तो मोठ्यांनाही झेपत नाही.

त्या भागात गलिव्हर अशा देशात पोचतो जिथे घोडे राज्य करतात. या घोड्यांचं नाव हुइनम. ते बोलतात, विचार करतात, घरं बांधतात. खोटं बोलणं त्यांना ठाऊकच नाही; त्यासाठी त्यांच्या भाषेत शब्दसुद्धा नाही. त्याच देशात याहू नावाचे ओंगळ प्राणी आहेत. केसाळ, हावरे, भांडखोर. शेतात सापडणाऱ्या चमकदार दगडांसाठी ते एकमेकांना ओरबाडतात, दगड पुरून ठेवतात आणि हरवले तर झुरतात. त्यांना पाहून गलिव्हरला किळस येते. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की, अंगावरचे कपडे बाजूला केले तर याहूत आणि आपल्यात फरक उरत नाही. घोड्यांना हे पहिल्या दिवसापासून दिसत असतं.

स्विफ्ट इथेच थांबला असता तर गोष्ट सोपी झाली असती: घोडा चांगला, माणूस वाईट. पण तो पुढे जातो. या शांत, निर्विकार घोड्यांची महासभा भरते आणि समस्त याहूंना पृथ्वीवरून नाहीसं करावं का, यावर चर्चा होते. आवाज चढत नाही, राग येत नाही. नुसता तर्क. गलिव्हरला देश सोडायला सांगतात, तेव्हा तो होडी बांधतो आणि ती मढवायला याहूंचंच कातडं वापरतो. आपल्या हाताखाली काय आहे, याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. पुढे त्याला वाचवणारा पोर्तुगीज कप्तान, पेद्रो दे मेंदेझ, भला माणूस आहे. तो त्याला कपडे देतो, घरी पोचवतो. गलिव्हरला मात्र त्याचा वासही सोसवत नाही. घरी आल्यावर बायकोमुलांना दूर ठेवून तो तबेल्यातल्या घोड्यांशी रोज चार तास बोलत बसतो.

वाचक चक्रावतो. याहू म्हणजे बुद्धीविना भूक. हुइनम म्हणजे मायेविना बुद्धी. माणूस या दोन्हींत बसत नाही. पुस्तक येण्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर १७२५ मध्ये स्विफ्टने मित्र अलेक्झांडर पोपला पत्रात आपला सिद्धान्त लिहिला होता. माणूस हा बुद्धिवान प्राणी आहे, ही व्याख्याच त्याला अमान्य होती. त्याच्या मते माणसाला बुद्धी वापरता येते, एवढंच खरं. वापरेलच याची हमी नाही. पाठशाळेची पदवी काढून घेऊन स्विफ्टने माणसाला हितोपदेशाच्या अटीवर आणून ठेवलं.

बैलाच्या बाजूने

आता आपल्या गावात येऊ. श्रावणी अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात खांदशेकणी असते. बैलांना नाल्यावर नेऊन धुतात. जू घासून घासून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, शेकतात. संध्याकाळी बैलाला रीतसर आवतण देतात, उद्या जेवायला या म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. नवी वेसण, नवा कासरा, शिंगांना बेगड, कपाळाला मठाटी, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. दुपार कलली की डफड्याच्या तालावर साऱ्या जोड्या आखरावर तोरणाखाली उभ्या राहतात.

आणि मग झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी, खड्या आवाजात म्हटलेल्या. शेवट गौरा-पार्वतीच्या नमनाने होतो आणि सारा आखर महादेवाचा गजर करतो. सुरुवातीला देवादिकांचं येतं. मग कोडी घालणं येतं: या बाजूने सवाल, त्या बाजूने जवाब. आणि रंग चढला की झडती माणसांवर उतरते. व्याजात शेत गिळणारा सावकार, मजुरी बुडवणारा धनी, निवडणुकीपुरता उगवणारा पुढारी, कापसाचा पडलेला भाव, गावातलाच एखादा ऐतखाऊ. ज्याच्यावर झडती आहे, तोही बहुधा तिथेच, त्याच तोरणाखाली, आपल्या सजवलेल्या जोडीचा कासरा धरून उभा असतो. झडती म्हणणारा कित्येकदा त्याचाच सालदार असतो. वर्षभर मान खाली घालून राबणारा तो गडी त्या दिवशी चारचौघांत बोलतो आणि कुणी त्याला अडवत नाही. गजर सगळ्यांना करावाच लागतो, धन्यालासुद्धा.

या खेळाची रचना बघा. वर्षातले बाकी दिवस माणूस धनी आणि बैल चाकर. या एका दिवशी बैलाची पूजा आणि माणसाची झाडाझडती. स्विफ्टने घोड्याला वर बसवून माणसाला खाली उतरवलं, तीच उलथापालथ वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने कुणाचंही पुस्तक न वाचता केली. ती एका लेखकाची करामत नाही. गावोगाव, पिढ्यानपिढ्या, तोंडातोंडी चालत आलेलं हे साहित्य आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. त्यांच्या बरोबरीने निघणारे बडगे म्हणजे त्या त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराचे, महागाईचे, लबाडीचे पुतळे. आदल्या दिवशी जनावराचा मान, दुसऱ्या दिवशी माणसातल्या दुर्गुणांची मिरवणूक. विदर्भाच्या पंचांगात हे दोन दिवस पाठोपाठ येतात, हे मला फार सूचक वाटतं.

पण स्विफ्टच्या घोड्यात आणि आमच्या बैलात मोठा फरक आहे. हुइनम थोर ठरतो तो बुद्धीमुळे. बैल बुद्धिमान आहे, असा दावा पोळ्यात कुणीच करत नाही. बैल थोर ठरतो कष्टामुळे. झडतीचं माप वेगळं आहे: तू किती शहाणा, हे ती विचारत नाही, तू कुणाच्या घामावर खातोस, हे विचारते. या मापाने सावकार बैलाच्याही खाली जातो, कारण बैल निदान आपली वैरण कमावतो. तत्त्वज्ञांनी माणूस आणि पशू यांच्यामधली रेघ बुद्धीवर ओढली. कापूस पिकवणाऱ्या माणसांनी ती श्रमावर आणि न्यायावर ओढली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला, तेव्हा त्यांनीही हेच माप हाती घेतलं. बैलाच्या पाठीवर पडणारा आसूड त्यांनी शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या व्यवस्थेवर ओढला.

तर्क हाताशी धरून

माणूस जनावरासारखा वागतो तेव्हा बुद्धी झोपलेली असते, असं आपण धरून चालतो. व्यंगकारांनी दाखवलेलं सत्य याहून भयंकर आहे. बुद्धी पुष्कळदा टक्क जागी असते आणि भुकेची चाकरी करत असते.

आयर्लंडमध्ये उपासमार चालू असताना स्विफ्टने १७२९ साली एक पत्रक लिहिलं. कुणी सुशिक्षित, समाजहितैषी गृहस्थ सरकारला योजना सुचवतो आहे, असा त्याचा थाट. गरिबांची १,२०,००० मुलं आहेत. २०,००० वंशवाढीसाठी ठेवावीत. उरलेली वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत. पुढे मांसाचा भाव, कातड्याचे उपयोग, देशाचा फायदा, सगळा हिशेब चोख. तर्कात कुठे खोट नाही. ज्या पायावर तो उभा आहे, तिथे माणुसकीच नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण अशा चोख हिशेबाची भाषा त्याने कचेऱ्यांत ऐकलेली असते.

मराठीत ही युक्ती ज्याने मुरवली, तो लेखकही विदर्भाचाच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले आणि त्यांनी वऱ्हाडात वकिली केली. त्यांचे विनोदी लेख 'सुदाम्याचे पोहे' या नावाने गाजले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्यांतली तीन माणसं. एखादी खुळी रूढी घ्यायची आणि तिच्या बाजूने इतका रीतसर युक्तिवाद करायचा की, युक्तिवादच तिचं हसं करतो, ही त्यांची तऱ्हा. त्यांच्या 'चोरांचे संमेलन' या लेखाचं नावच बघा. चोर जमतात आणि संमेलन भरवतात! धंदा ओरबाडण्याचा, रीत सभ्य माणसांची. कोर्टात दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या अशिलासाठी कसे मुद्दे रचतात, हे कोल्हटकरांनी रोज पाहिलं होतं. बुद्धी भाड्याने मिळते, हे वकिलाइतकं कुणाला ठाऊक असणार?

हे वाचून हसू येतं. पण याच गोष्टीची दुसरी बाजू मुकुटबनच्याच जंगलात दिसली. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गर्भवती वाघीण गुहेत मेलेली सापडली. गुहेच्या तोंडाशी आग लावून तिला कोंडलं होतं, हत्याराने मारलं होतं आणि पंजे कापून नेले होते. आग ताब्यात आणणं हा माणसाच्या बुद्धीचा पहिला मोठा पराक्रम मानतात. कोणत्याही वाघाने आजवर गुहेच्या तोंडाशी विस्तव पेटवलेला नाही. अशा कृत्याला आपण पाशवी म्हणतो, तेव्हा पशूंवर अन्याय करतो. ते कृत्य पूर्णपणे मानवी आहे. त्यात योजना आहे, साधनं आहेत, बाजारभावाची माहिती आहे.

आतलं जनावर

मग आतल्या जनावराचं काय करायचं? संत एकनाथांनी सोळाव्या शतकात या प्रश्नाला भारुडांतून हात घातला. त्यांच्या एका भारुडात विंचू चावतो. तो विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्याचं विष सत्त्वगुणाने उतरतं. दुसऱ्यात कामवासना एडक्याच्या रूपात येते आणि पुराणांतल्या मोठमोठ्या देवा-ऋषींना धडका देत सुटते. भारुड सादर करणारा विंचवाच्या वेदनेने खरोखर तळमळतो, उड्या मारतो. बघणारे पोट धरधरून हसतात, आणि हसता हसता आपापला विंचू त्यांना आठवतो. नाथांनी जनावर बाहेर न ठेवता माणसाच्या आत नेऊन बसवलं, आणि त्याला मारण्याऐवजी त्याचं विष उतरवण्याची भाषा केली.

विसाव्या शतकात व्यंकटेश माडगूळकर या प्रश्नाकडे अगदी दुसऱ्या टोकाने गेले. विदर्भातल्या जंगलांत, विशेषतः नागझिऱ्याला, त्यांनी मुक्काम करून वानरं न्याहाळली. १९८२ साली त्यांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी आली आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात माणूस जवळजवळ नाहीच. वानरांच्या टोळ्या आहेत, हद्दी आहेत, म्हातारा होत चाललेला नायक आहे, बाहेरून चालून येणारे नर आहेत. नवा नर टोळी जिंकल्यावर आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो. ही काही लेखकाची कल्पना नाही. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६२ मध्ये धारवाडजवळच्या जंगलात वानरांमध्ये हे प्रत्यक्ष पाहिलं होतं. पुढे सारा ब्लॅफर हर्डी यांनी माउंट अबूला वर्षानुवर्षं निरीक्षण करून त्यामागचं कारण मांडलं: पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा गाभण राहते आणि नव्या नराला आपली संतती मिळते.

माडगूळकर कुठेही टोमणा मारत नाहीत. त्यांनी फक्त पुस्तकाला राजकारणातलं नाव दिलं आणि बाकी काम वाचकावर सोपवलं. वाचक वानरांबद्दल वाचत जातो आणि डोळ्यांसमोर येतात ते ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंतचे चेहरे. तरी पुस्तक मिटताना वानरांबद्दल घृणा वाटत नाही. त्यांच्यात माय आहे, एकमेकांच्या अंगावरच्या किडी वेचणं आहे, मेलेलं पिल्लू उराशी धरून हिंडणारी आई आहे. म्हणजे आपल्याला जनावरांकडून वारशाने मिळालं ते सारंच काही विंचवाचं विष नाही. माया, सोबत, लेकराला छातीशी धरणं, हेही तिथूनच आलं. पेद्रो दे मेंदेझ अनोळखी माणसाला आपले कपडे देतो, तेव्हा त्याच्यात बुद्धी आणि ही माया दोन्ही एकत्र काम करत असतात. घोड्यांना ते जमलं नाही.

हसू कुणाचं?

या सगळ्यात एक गोष्ट इतकी सरळ समोर असते की ती नजरेतून सुटते. व्यंगाचं हत्यार हसू आहे. आणि हसू आलं कुठून?

ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की प्राण्यांत फक्त माणूस हसतो. दोन हजार वर्षांहून जास्त काळ ते खरं मानलं गेलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत याक पँक्सेप आणि त्यांचे सहकारी प्रयोगशाळेतल्या उंदरांना बोटांनी गुदगुल्या करू लागले. उंदीर सुमारे ५० किलोहर्ट्‌झचा चिवचिवाट करत होते. माणसाच्या कानाला २० किलोहर्ट्‌झच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून नुसत्या कानाने तो कळत नाही. यंत्राने तो आवाज उतरवून ऐकवला आणि सगळे थक्क झाले. गुदगुल्या थांबवल्या की उंदीर आणखी हव्यात म्हणून त्या हाताच्या मागे धावत. २००९ मध्ये मरीना डाव्हिला-रॉस आणि सहकाऱ्यांनी ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो यांच्या पिल्लांच्या आणि माणसाच्या बाळांच्या गुदगुल्यांतल्या हसण्याची तुलना केली. आवाजांच्या साम्यावरून वंशवृक्ष काढला, तर तो जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षाशी जुळला. हसू ही माणसाची एकट्याची मिळकत नाही. ती लाखो वर्षांची वडिलोपार्जित इस्टेट आहे.

आता झडतीवर पिकणारा हशा या प्रकाशात पाहा. सावकाराला मारलेला टोला कळायला यमक कळावं लागतं, संदर्भ कळावा लागतो, जे बोललं त्याच्या मागे जे बोललं नाही ते ताडावं लागतं. हे बुद्धीचं अस्सल काम. आणि ते कळल्या क्षणी पोटातून उसळतं ते हसू श्वासाचं, स्नायूंचं, आवरू म्हणता न आवरणारं. माणूस बुद्धिवान आहे आणि प्राणीही आहे, हे व्यंगसाहित्य नुसतं सांगत नाही; ते वाचणाऱ्याच्या अंगात घडवून दाखवतं. माणसाचे दोन्ही भाग एका क्षणी, एकाच कामाला लावणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

बुद्धीबद्दलही एक गोष्ट अलीकडे उमगू लागली आहे. फ्रान्समधले ह्युगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी २०११ मध्ये मांडलं की, माणसाची तर्कबुद्धी मुळात एकट्याने सत्य शोधण्यासाठी घडलेली नाही. इतरांना पटवायला आणि इतरांचं म्हणणं पारखायला ती घडली. म्हणून एकटा बसलेला माणूस आपलंच म्हणणं पक्कं करत राहतो आणि स्वतःच्या चुका त्याला दिसत नाहीत. दुसऱ्याची चूक मात्र लख्ख दिसते. चार जण समोरासमोर बसले, एकाने सवाल टाकला, दुसऱ्याने जवाब दिला, की तीच बुद्धी धारदार होते. या दोघांचं म्हणणं बरोबर असेल, तर पोळ्याचा आखर म्हणजे बुद्धी नीट चालण्याची खरी जागा. तिथे सवालाला जवाब आहे, साक्षीला गाव आहे, आणि मोठ्यातल्या मोठ्यालाही उत्तर चुकत नाही.

गाडगेबाबांना ही गोष्ट पुरती कळली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. देवाला बकरं कापणाऱ्यांना ते साध्या वऱ्हाडी बोलीत एकेक प्रश्न विचारत जात. लोक हसत, उत्तर देत, आणि आपल्याच उत्तरांनी कोंडीत सापडत. बाबांनी कुणाला अडाणी म्हणून सोडून दिलं नाही. समोरचा विचार करू शकतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. स्विफ्टनेही माणसावर एवढा आघात केला तो याच विश्वासापोटी. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याला कुणी इतकं जीव तोडून बोलत नाही.

आमच्या भागात आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, झडत्या म्हणणारे म्हातारे होत चालले. त्यांच्या तोंडी असलेल्या झडत्या कुणीतरी बसून लिहून घ्यायला हव्यात, आवाजासकट साठवायला हव्यात. त्यात इतिहास आहे, बोली आहे, गावाचा न्याय आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी माणूस ओळखायची एक कसोटी आपल्याला देऊन ठेवली आहे, आणि ती कोणत्याही व्याख्येपेक्षा खरी आहे. दुसऱ्यावरच्या झडतीला कुणीही हसतो. स्वतःवरची झडती ऐकून ज्याला हसू येतं, आणि हसून झाल्यावर ज्याला आपलं वागणं बदलावंसं वाटतं, त्याच्या बाबतीत बुद्धिवान प्राणी ही पदवी खरी मानायला हरकत नाही.